मागच्या सीटवरचा कट्टा

तांदळाचा कट्टा, म्हणजे पोतं, घेऊन मोटरसायकल पसंत करायला आलेला माणूस त्या शोरूमवाल्यांनी माझ्याआधी पाहिला नसावा. मी ऑटोतून कट्टा उतरवला आणि ट्यूबच्या पट्टीनं तो नव्याकोऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर बांधायला लागलो, तेव्हा तिथला माणूस धावतच आला. "अंकल, ये क्या कर रहे हो? सीट खराब हो जायेगी." मी त्याला सांगितलं, बाबा, या सीटवर जी बसणार आहे तिचं हे वजन आहे. एवढं वजन घेऊन तुझी गाडी चढावर हसते की रडते ते पाहू दे, मग बोलू. त्यानं माझ्या बायकोकडे पाहिलं. ती पंख्याखालच्या खुर्चीवर बसली होती आणि पदर तोंडाला लावून हसत होती.

आमची शेती कामठ्याला आणि गोंदियाच्या बाजारात तांदळाचं दुकान. वजन केल्याशिवाय या माणसानं आयुष्यात फक्त जावई घेतला, असं ती चारचौघांत सांगायची. तिचं स्वतःचं वजनही झालेलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा गंमत म्हणून काट्यावर उभी राहिली, आणि काटा नेमका तोंड शिवलेल्या भरल्या कट्ट्याच्या वजनावर येऊन थांबला. हमाल हसले, मीही हसलो. तेव्हापासून रागात आणि लाडात मी तिला भरला कट्टाच म्हणत आलो. ती मला भुसा म्हणायची. तीसेक वर्षं आमचा संसार असाच चालला आणि तिचा काटाही फारसा हलला नाही.

जुन्या मोटरसायकलवर ती एका बाजूला पाय घेऊन बसायची. निघताना मी मान न वळवता विचारायचो, "बसली का?" ती म्हणायची, "बसली. चाला." हे ऐकल्याशिवाय मी क्लच सोडत नसे. एकदा तिरोड्याला मुलीच्या घरून निघताना न विचारताच निघालो, आणि ती दारात व्याहीणबाईंशी बोलतच राहिली होती. पुढच्या चौकापर्यंत मी एकटाच बडबडत गेलो. त्यानंतर ती चूक पुन्हा केली नाही.

आमच्याकडे शिवरात्रीला गावोगावचे जथे त्रिशूळ घेऊन पचमढीला मोठ्या महादेवाला जातात. मुलीच्या नवसाला तीही एकदा जीपमधून गेली होती. पण तिला गाडी लागते. जीप, बस, काहीही असो, चार वळणं झाली की तिचं डोकं पिशवीत. परत आल्यावर सगळ्या बाया घाटाचं वर्णन करत बसल्या, ढग कसे खाली होते आणि दरी कशी दिसत होती. ही म्हणाली, "म्या तं पिशवीच पाह्यली." मोटरसायकलवर मात्र तिला कधी काही झालं नाही. तोंडावर वारा पाहिजे, एवढंच तिचं औषध. म्हणून तिची एकच मागणी होती, एकदा मोटरसायकलवर बसवून घाट दाखवा. आमचा सगळा मुलूख धानाच्या बांध्यांचा, असा सपाट की सोडलेल्या पाण्यालाही कुठं जावं ते कळू नये. इथल्या माणसाला घाटाचं वेड का लागतं, ते इथं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

मग तिला कॅन्सर झाला. नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या, पोटाचं ऑपरेशन झालं, आणि एक दिवस तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता यांना घरी ठेवा, जे आवडतं ते खाऊ द्या, करू द्या. मी तोंड धुऊन तिच्याजवळ गेलो. आगगाडी भंडारा सोडून पुढं आली तेव्हा खिडकीबाहेर पाहता पाहता म्हणाली, "मोठा महादेव लय दूर पडते आता. दरेकशाचा घाट तरी दाखवा मले."

दरेकसा आमच्याच जिल्ह्यात, सालेकशाच्या पुढं जंगलात. पण जुनी गाडी दोघांना घेऊन रेल्वेच्या उड्डाणपुलावरसुद्धा धापा टाकायची. तेव्हा नवीन घ्यायचं ठरलं. ती अशी पाहिजे होती की दवाखान्यात नेताना बाजारातल्या गर्दीत, ई-रिक्षा आणि हातठेल्यांच्या मधून, झटके न देता निघाली पाहिजे आणि घाटात मध्येच मान टाकायला नको. शोरूमवाले म्हणत, शहरासाठी ही घ्या, पहाडासाठी ती घ्या. मी म्हणायचो, मला दोन बायका नाहीत, एकच आहे, आणि तिला दोन्हीकडे जायचं आहे.

कट्ट्याची अक्कल माझीच. तिला घेऊन चढावर गाड्या तपासत फिरणं शक्य नव्हतं, आणि एकट्यानं चालवून पाहिली तर काय कळणार? म्हणून दुकानातला एक भरला कट्टा काढला. पण आदल्या संध्याकाळी ती दुकानात आली, काट्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "हा कट्टा मापात नाही. खोटं वजन घेऊन चालले का?" खरंच काटा बराच खाली थांबला होता. तिनं स्वतः कट्ट्याच्या तोंडाचा धागा ओढला, पायली घेतली आणि स्वतःएवढा होईपर्यंत तांदूळ काढून टिनाच्या पिप्यात टाकले. मी पिपा धरून उभा होतो. आम्ही दोघंही व्यापारीच, मापात चोख. तेव्हा मला त्यात वाईट असं काही वाटलं नाही.

पहिली गाडी उंच होती. पहाडात चांगली, असं सगळे म्हणत. कट्टा घेऊन पुलावर अशी चढली की मीच खूश झालो. पण मागची सीट एवढी उंच की त्या दिवशी शोरूममध्ये तिनं एकदा पाय उचलून पाहिला आणि सोडून दिला. म्हणाली, यावर चढायला शिडी लागेल, आणि चढले तर घाट इथूनच दिसेल. दुसरी गाडी हलकी, बाजारात फुलपाखरासारखी, पण पुलाच्या मध्यावर तिचा आवाज बसला. माझ्या हाताला हादरे कळत होते. घरी येऊन सांगितलं, तर ती म्हणाली, "कट्ट्यालेच नाही ओढत, तं घाटात मलेच उतरून गाडी लोटा लागन."

मधे नागपूरची एक फेरी झाली. गाडी पाहायला जायच्या आधी ती पुन्हा काट्यावर उभी राहिली आणि पुन्हा पायली मागितली. मी म्हटलं, राहू दे ना, थोडं जास्त असलं तर काय बिघडलं, गाडीची परीक्षाच चांगली होईल. ती ऐकेना. "माप ते माप." तिनं तांदूळ काढले. पुढच्या वेळी तिला वाकता येत नव्हतं, म्हणून ती स्टुलावर बसून सांगत राहिली आणि मी काढत राहिलो. अजून एक, अजून एक. पिपा भरत आला होता. त्या दिवशी मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून घेतलं, आणि गिऱ्हाईक आलं तर आज भाव नाही म्हणून परत पाठवलं. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. ती पिप्यातल्या तांदळात हात घालून म्हणाली, जुना तांदूळ आहे, किडे लागू देऊ नका, कडुलिंबाचा पाला टाका.

शेवटी दोन गाड्या उरल्या. एकीची मागची सीट रुंद, गादी जाड, बाजूला साडी न अडकण्याची जाळी आणि पाय ठेवायला पट्टी. मी तिथंच मन पक्कं केलं होतं. दुसरी गाडी चढावर तशीच जोरकस, पण मागची सीट अरुंद, नावापुरती. तिला शेवटचं शोरूमला नेलं आणि खुर्ची टाकून बसवलं. तिनं मला दोन्ही गाड्यांवर बसवून पाहिलं. माझे पाय जमिनीला टेकतात का, स्टँडवरून काढताना माझी कंबर धरते का, हे पाहिलं. आणि अरुंद सीटच्या गाडीकडे बोट दाखवलं.

माझं डोकं फिरलं. इतके दिवस मी तिच्यासाठी सीट शोधत होतो, आणि ती सगळ्या गाड्यांना नावं ठेवत होती ती माझ्यासाठी, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. त्या उंच गाडीलाही तिनं उगाच नाही म्हटलं नव्हतं, माझे पायही तिच्यावर अधांतरीच होते. मी चिडून म्हणालो की यावर तू कशी बसणार. शोरूमचा माणूस दुसरीकडे पाहायला लागला.

"कायले भांडता जी," ती म्हणाली. "मी किती दिवस बसनार हाव? मंग तुमालेच एकट्याले वागवा लागन ते गाडी."

मी बाहेर जाऊन रस्त्यावर उभा राहिलो. आत आलो तेव्हा तिनं रंगसुद्धा सांगून ठेवला होता. गाडी तिच्याच पसंतीची घेतली. साडीची जाळी आणि पायाची पट्टी मात्र मी भांडून बसवून घेतली.

गाडी घरी आली तोवर ती खाटेवर होती. मुलगी तिरोड्याहून आली होती. तिनं आईला धरून अंगणात आणलं, हिनं खुर्चीत बसूनच गाडीला हळदीकुंकू लावलं, हँडलला हार घातला. चाकाखाली लिंबू ठेवलं, ते मात्र चिरडायचं राहिलंच, कारण ती म्हणाली, मला आधी बसवा. मी म्हटलं, थोडी बरी हो, रविवारी जाऊ. ती म्हणाली, "रविवार कोनं पाह्यला? आताच चाला." मी मुलीकडे पाहिलं. मुलीनं होकाराची मान हलवली.

मग मी गाडी दोन पायांच्या स्टँडवर घट्ट उभी केली. मुलीनं आणि मी तिला उचलून मागं बसवलं. उचलताना मला काही उचलल्यासारखं वाटलंच नाही. मुलगी तिला बाजूनं धरून उभी राहिली. मी पुढं बसून इंजिन सुरू केलं आणि मान न वळवता विचारलं, "बसली का?"

"बसली. चाला."

गाडी जागेवरच होती. मी तिला सांगत गेलो. आमगाव गेलं, सालेकसा आलं, आता दोन्हीकडे मोह आणि साग. आता चढ लागला. मी दुसरा गिअर टाकल्यासारखा आवाज वाढवला. उजवीकडं वळण आहे म्हणालो आणि मीच उजवीकडं झुकलो, तर माझ्या पाठीला लागलेलं तिचं डोकंही झुकलं. गल्लीतली माणसं फाटकाशी येऊन उभी होती. खाली दरी आहे, मी सांगितलं, रेल्वेचा बोगदा दिसतो. तिनं विचारलं, ढग आहेत का? मी म्हटलं, आहेत, आपल्या खाली आहेत. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मले गाडी लागून नाही राहिली." मी म्हटलं, वारा आहे ना. अंगणात पानही हलत नव्हतं. मी इंजिन बंद केलं तेव्हा माझा शर्ट पाठीवर ओला होता, आणि तो तिच्या डोळ्यांनी की माझ्या घामानं, हे मी आजवर कुणाला विचारलं नाही.

रविवार आला नाही. शनिवारी सकाळीच ती गेली.

तेरवीच्या दिवशी स्वयंपाकाला तांदूळ कमी पडतो असं वाटून मुलीनं, मी पाला टाकून घरी आणून ठेवलेला तो पिपा चुलीजवळ ओढला. मी तिच्यावर ओरडलो. जन्मात तिच्यावर आवाज चढवला नव्हता. ती घाबरून पाहत राहिली, मग पिपा पाहिला, मग आईनं सांगितलेली मापाची गोष्ट तिला आठवली. दुकानातून दुसरा कट्टा आणवला आणि पंगत उठली.

पुढं बरेच दिवस गाडी अंगणात झाकून होती. लोक म्हणत, विकून टाका, त्रास होतो. तिनं माझे पाय टेकवून पसंत केलेली गाडी मी विकणार नव्हतो. एका सकाळी पिपा दुकानात नेला. तिच्या शेवटच्या मापाचा अर्धामुर्धा कट्टा तिथं तसाच पडून होता. त्यात पिप्यातला सगळा तांदूळ ओतला. कडुलिंबाची वाळकी पानं वेचून काढली. दाभण आणि सुतळी घेऊन तोंड शिवलं आणि कट्टा काट्यावर ठेवला. काटा पूर्वी जिथं थांबायचा तिथंच थांबला.

कट्टा मागच्या सीटवर ट्यूबनं बांधला. अरुंद सीटवर तो नीट बसला, जराही हलला नाही. बाजारातून निघालो, आमगाव गेलं, सालेकसा गेलं. दरेकशाच्या चढावर गाडीनं कुठं मान टाकली नाही. वळणावर मागचं वजन पाठीला लागत होतं, पूर्वी लागायचं तसंच. वर गाडी उभी केली. दरी अंगणात सांगितली होती त्यापेक्षा पुष्कळ लहान निघाली, आणि ढग कुठंच नव्हते. मी तिला बरंच खोटं सांगितलं होतं.

जवळच्या देवळात तो तांदूळ देऊन टाकायचा, असं मनात धरून आलो होतो. कट्ट्यावर हात ठेवून उभा राहिलो, पण पट्टी सोडवली नाही. गाडी वळवली, वर बसलो, मान न वळवता "बसली का?" विचारलं, आणि तिला उत्तर द्यायला लागायचा तेवढा वेळ थांबून उताराला लागलो.