वकीलबाईंची तीन मिनिटं

आमच्या आत्याने गावचं कोर्ट विकलं, असं अजूनही काही लोक सांगतात. सलूनवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे तिला त्या बदल्यात राजधानीत फ्लॅट मिळाला. किराणावाल्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या फ्लॅटला दोन बाल्कन्या आहेत. सांगताना दोघेही आवाज खाली आणतात आणि शेवटी ‘जाऊ दे, आपल्याला काय करायचंय’ म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतात.

फ्लॅट वगैरे काही नाही. राजधानीत गेली की ती आमदार निवासातल्या एका खोलीत उतरते. तिथला नळ गळतो, आणि तक्रार करताना ती आधी प्लंबरची अडचण समजावून सांगते, म्हणून तो गळतच राहिला आहे. पण विधानसभेत उभं राहून तिने आपल्याच गावचं कोर्ट हलवावं असं भाषण केलं, हे खरं आहे. म्हणजे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं घंटेने खाल्लं.

आत्या बाबांची थोरली बहीण. राहते आमच्याकडेच. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की ती आधी लग्नाच्या बाजूचे मुद्दे सांगते, आणि ते संपायच्या आत विचारणारा चप्पल शोधायला लागतो. ही सवय तिला तिच्या सिनिअरांनी लावली. वकिली शिकायला ती त्यांच्याकडे गेली, तेव्हा पहिलं वर्षभर त्यांनी तिला स्वतःच्या अशिलाच्या वतीने एक वाक्य बोलू दिलं नाही. रोज संध्याकाळी खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून ते म्हणायचे, “हं, आता समोरचा काय म्हणेल ते म्हण. आणि त्याच्यापेक्षा चांगलं म्हण.” (मी त्यांना पाहिलेलं नाही. आत्या त्यांची नक्कल करते आणि मी आत्याची करते, तेव्हा माल थोडा पातळ झाला असेल.)

पुढे तिने औषधाच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. जिना इतका उभा की अशील वर येईपर्यंत त्याचा राग अर्धा उतरलेला असतो. उरलेला उतरावा म्हणून ती पाण्याचा पेला पुढे करते आणि तो रिकामा होईपर्यंत बोलू देत नाही. कोर्टात उभी राहिली की डावा हात टेबलावर, उजव्या हाताने चष्मा वर, आणि एकच सुरुवात: “समोरच्यांचं म्हणणं असं आहे, की...” मग ती समोरच्याची बाजू अशी झकास मांडते की तिचाच अशील मागे घाम पुसायला लागतो. त्यानंतर एकेक मुद्दा घेऊन त्याची शिवण उसवते. समोरचा वकील उठतो तेव्हा त्याच्यासाठी काही शिल्लकच नसतं. “बाईंनी सांगितलंच आहे,” असं पुटपुटून बिचारा खाली बसतो. बाररूममध्ये तिचं नाव ‘दोन्हीकडच्या बाई’.

मग बातमी आली की सरकार लहान गावांतली कोर्टं बंद करून मोठ्या शहरातल्या कोर्टात मिसळणार. यादीत आमचंही होतं. वकिलांनी समिती नेमली, समितीने चहा नेमला. तेव्हाच्या आमदारांनी ‘पाहतो’ म्हटलं आणि निवडणूक येईपर्यंत पाहतच राहिले. कुणीतरी उभं राहायला हवं यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि सगळे आत्याकडे बघायला लागले. पक्ष नाही, गाडी नाही, एक भोंगा. सभेत ती आधी समोरच्या उमेदवाराने केलेल्या पुलाचं कौतुक करायची. लोकांना वाटायचं, बाई काय टोमणे मारतात. ती मनापासून बोलत होती. थोडक्यात का होईना, निवडून आली.

अपक्ष आमदाराला विधानसभेत बोलायला मिळतात तीन मिनिटं. आत्याला हे माहीत होतं, पण सवयीला माहीत नव्हतं. कोर्टांच्या प्रश्नावर पहिल्यांदा उभी राहिली ती डावा हात टेबलावर, चष्मा वर, “समोरच्यांचं म्हणणं असं आहे, की...” इमारत गळते. प्रकरणं कमी. एका न्यायाधीशाचा पगार, कारकुनांचे पगार, सगळा खर्च. आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो. बाबा पुटपुटत होते, “वळ आता, ताई, वळ.” घंटा वाजली. अध्यक्ष नाकातून म्हणाले, “सन्माननीय सदस्या, आपली वेळ संपली.” मंत्री उठले आणि सरकारची बाजू सरकारपेक्षा सुरेख मांडल्याबद्दल त्यांनी तिचे आभार मानले. बाकं वाजली.

ती परतली तेव्हा जिना चढून पहिली कोण आली, तर इस्त्रीवाली. तिची पोटगीची केस आत्याकडे आहे. नवरा पैसे देत नाही आणि तारखेला चुकत नाही. तिने पाणी घेतलं नाही.

“बाई, कोर्ट तिकडे गेलं तर मला दोन गाड्या बदलाव्या लागतील. दिवसाची इस्त्री बुडेल. तुम्हाला ठाऊक होतं ना?”

“होतं.”

“मग ते का नाही बोललात?”

“बोलणारच होते. तिथवर पोचले नाही.”

“म्हणजे त्यांचं आधी,” इस्त्रीवाली म्हणाली, “आणि आमचं उरलं तर.”

 घरी येऊन आत्याने हे सगळं आम्हाला सांगितलं, इस्त्रीवालीच्याच आवाजात. नेहमी समोरच्याच्या बाजूने दोन शब्द बोलते, तसे या वेळी स्वतःच्या बाजूनेही बोलली नाही.

विधेयक पुढच्या अधिवेशनात मंजुरीला येणार होतं. यादीतून गाव काढून घ्यायची ती शेवटची संधी, आणि मिनिटं तीनच. आत्या स्वयंपाकघरात ओट्यापुढे सराव करायची. बाबा पेल्यावर चमचा मारून घंटा द्यायचे, अध्यक्ष मी. दर वेळी तेच. आपल्या बाजूने सुरुवात करायचं ठरवून उभी राहायची, चष्मा वर जायचा आणि चष्म्याबरोबर समोरच्यांचं म्हणणंही वर यायचं. आई म्हणाली, चष्माच काढून ठेवा. काढला. मग ती ओट्यालाच सन्माननीय मंत्री समजायला लागली.

मी म्हटलं, “आत्या, तुला या जन्मात आपली बाजू आधी मांडता येणार नाही. लाव पैज.”

“काय हरशील?” तिने लगेच विचारलं. वकीलच ती.

माडीवरच्या खोलीवरून माझं आणि माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, तेव्हा जुंपलेलं होतं, निकाल आईकडे होता. आत्याने अट घातली: मी हरले तर आईपुढे ताईची बाजू मी मांडायची, तीही ताईपेक्षा चांगली. आणि मी जिंकले तर तिने माझी वकिली करायची. मी टाळी दिली. खोली मिळालीच, असं धरून भिंतीचा रंगही ठरवला.

विधेयकाच्या दिवशी टीव्हीवर आत्या उठली. हात टेबलावर. चष्म्याकडे हात गेला, बाबांनी डोळे मिटले. हात अर्ध्यातून खाली आला.

“आमच्या गावात एक बाई इस्त्री करते,” आत्या म्हणाली. “कोर्ट लांब गेलं तर ती तारखेला येणार नाही, आणि तिची केस आपोआप निकाली निघेल. प्रकरणं कमी होतील, हे सरकारचं म्हणणं बरोबर आहे. माणसं यायची थांबली की प्रकरणं कमी होतातच.”

एवढं बोलून ती थांबली. मग म्हणाली, वेळ उरला आहे, तर मंत्र्यांची बाजूही मांडते. सभागृह हसलं. तिने मांडली. कामाचा एवढा ताण नाही, हे कबूल. म्हणून पूर्ण आठवडा न्यायाधीश देऊ नका. तीन दिवस आमच्याकडे द्या, तीन दिवस तिकडे, आणि छपराचं आम्ही बघतो. घंटा वाजायच्या आत खाली बसली.

मंत्र्यांना नाही म्हणायला कारणच उरलं नाही, कारण त्यांची सगळी कारणं ती वापरून बसली होती. विधेयक मंजूर झालं, आमचं गाव यादीतून निघालं. आता कोर्ट आठवड्यातून तीन दिवस भरतं. छपराचं आम्ही अजून बघतोच आहोत. सलूनवाला म्हणतो, अर्धं तरी विकलंच की.

मी आईपुढे उभी राहिले. ताईची परीक्षा, ताईचं लवकर उठणं, ताईला लागणारी शांतता, आणि या शांततेला घरात सगळ्यात मोठा धोका कोण, तेही सांगितलं. सगळं ताईच्या आवाजात. ताई स्वतः तोंडात बोटं घालून ऐकत होती. आईने मध्येच थांबवलं, पुढचं ऐकायची गरज नाही म्हणाली, आणि खोली ताईला दिली.