सागवानाच्या खोक्याला तीट

मिस्त्री खोक्याला गाल लावायचे. डोळं मिटून, लेकराच्या पाठीला लावावा तसा. मग म्हनायचे, "टोचतंय. घासा अजून."

आमी म्हनावं, "आवं मिस्त्री, हात फिरवून बघितला की. लोन्यावानी लागतंय."

"तुमच्या हाताला? तुमच्या हातावर निखारा ठेवला तरी कळायचा न्हाय. गाल लावा, गाल."

खरं व्हतं ते. दुष्काळात आमी समद्या सडकंवर खडी फोडत व्हतो. हिरी आटल्या, जनावरं गेली, सरकारची सुकडी खायला मिळंल त्या दिशी लेकरं गप निजायची. तळहाताचं पार जोड्याचं कातडं झाल्यालं. रडून कुठं पाऊस पडतोय, म्हनून रडलो न्हाय. फोडत राहिलो.

त्यात आमच्या नळदुर्गात, हायवेच्या कडंला, सुतारांची सोसायटी निघाली. पत्र्याची शेड. सोलापूरच्या एका रेडिओवाल्यानं त्यांना काम दिलं. गिटार वाजवत्यात ना, त्येचा आवाज मोठा करनारी मशीन आसती, तिला सागवानी खोकी पायजे व्हती. सुतारांनी खोकी ठोकली, पन तसलं आरशावानी पालिश कुनाला येतंय? मग हैदराबादेकडून हे मिस्त्री आनले. शेवग्याच्या शेंगंवानी मानूस. बोलनं निम्मं आपलं, निम्मं दखनी. हाताखाली घासायला बाया पायजे म्हनून खडीवरच्या आमी गेलो. सावलीत बसून काम! आमी एकमेकींला चिमटं काढून बघितलं.

पन चेअरमननी पैल्याच दिशी सांगून टाकलं, "रेडिओवाल्याला पैली खोकी पसंत पडली तर फुडं काम. न्हाय तर परत खडी."

मिस्त्रींनी तेच धरून ठेवलं. कुनी घाईनं हात चालवला की म्हनायचे, "घाई हाय का बाई? मग खडी हाय की तिकडं. इथं आहिस्ता."

आमच्यातली शेवंता लई चौकस. तिनं इचारलं, "मिस्त्री, गिटार म्हंजे काय वो?"

"एकतारीला वीज लावायची. झाली गिटार."

"मग वाजवनाऱ्याला शाक बसत न्हाय?"

"हौ, बसतो की. म्हनून तर नाचतेत."

आमाला ते बरीच वर्सं खरं वाटत व्हतं.

आता हसन्याचं सांगते. हायवेनं ट्रक गेला की धुराळा उठायचा, आन् ओल्या पालिशवर धूळ बसली की समदी मेहनत वाया. म्हनून दारं खिडक्या लावून घ्यायच्या. आत लाख कालवल्यालं स्पिरिट. मिस्त्री फडक्यात कापूस बांधून त्यात बुडवायचे, आन् खोक्यावर गोल गोल फिरवायचे, गानं म्हनत. दुपारपतूर आमची डोसकी हलकी व्हायची आन् हसू फुटायचं. कारन काय न्हाय. शेवंता नुसती "काचपेपर द्या" म्हनली तरी आमी लोळायचो. पोटं रिकामी, आन् हसून हसून बरगड्या दुखायच्या.

मिस्त्री वरडायचे न्हाईत. "हसा, पर तोंड तिकडं करून. थुंकी उडली की डाग पडतो." मग आमी समद्या भिताडाकडं तोंड करून हसायचो. तुमी बघितलं आसतं तर म्हनला आसता, बाया झपाटल्या.

गावानं तसंच म्हनलं. सोसायटीत बाया पित्यात, आशी बोली उठली. माझी सासू, तिला मी आत्याबाई म्हनायची, दारातच उभी.

"तोंड उघड."

"आत्याबाई, पालिशचा वास हाय त्यो."

"पालिश! तुझा सासरा बी आसंच कायबाय सांगायचा. उद्यापसनं खडीवर जायाचं. हाडं मोडली तरी अब्रूचं काम."

म्या वाद घातला न्हाय. म्हनलं, "एकडाव येऊन बघा. मग म्हनाल तिथं जाते."

त्या आल्या, पन नेमकं त्याच दिशी रेडिओवाला माल बघायला येनार व्हता. सगळ्यात मोठं खोकं मधोमध ठेवल्यालं, शेवटचा हात आत्ताच दिल्याला, अजून ओलं. आत्याबाईंनी नाकाला पदर लावला आन् मिस्त्रींवर तोफ डागली, "बाया कोंडून काय करता वो?"

"आक्का, धूळ कोंडलीय भाईर. बाया न्हाय. कडी आतनं हाय, बघा."

आत्याबाई कडी बघून बसल्या. जरा वेळानं पदर सुटला. आजून जरा वेळानं उठून खोक्याजवळ गेल्या, आरशात बघावं तशा वाकल्या. "आगं बाई, ही म्हातारी कोन?" आन् जी हसू लागली ती बया! म्या नांदायला आल्यापसनं तिला हसताना बघितलंच नव्हतं. डोळं पुसत म्हनती, "मिस्त्री, काय देखनं लेकरू केलंय वो!"

आता लेकराला देखनं म्हनलं की तीट लावावीच लागती, न्हाय तर नजर बसती. लाकूड चिकटवायचा सरस उकळायचा डबा बाजूलाच व्हता. आत्याबाईंनी त्येच्या बुडाची काजळी बोटावर घेतली आन् दिली खोक्याच्या कोपऱ्याला टेकवून. ओल्या पालिशवर.

समद्यांचं हसू बंद. भाईर मोटारसायकल थांबल्याचा आवाज. माझ्या डोळ्याम्होरं हातोडा आन् खडीचा ढीग उभा राहिला.

मिस्त्रींनी पुसलं न्हाय. पुसलं आसतं तर काजळी पसरली आसती. त्यांनी फडकं उचललं आन् तिटंवरनं पालिशचा एक हात आसा अलगद फिरवला की ती आत जाऊन बसली. म्हनले, "आता निघत बी न्हाय आन् फिसकटत बी न्हाय."

रेडिओवाला आत आला, नाकाला रुमाल. फिरून फिरून बघितलं. कोपऱ्याशी थांबला. "हे काय?"

मागनं आल्यालं चेअरमन म्होरं झाले. "गाठ... लाकडाची गाठ हाय सायेब."

"गाठ न्हाय," मिस्त्री म्हनले. "तीट हाय. ह्या आक्कांनी लावली. नजर लागू नये म्हनून."

शेवंतानं माझा दंड आवळला. रेडिओवाला आत्याबाईंकडं बघतोय, आत्याबाई त्येच्याकडं.

"बघतोस काय? तुझ्या आईनं तुला लावली नव्हती व्हय? म्हनून आसा वाळलायस."

रुमाल खाली आला. त्यो मानूस आधी गालात हसला, मग खांब धरून हसला, मग वाकून हसला.

शेवंता वरडली, "सायेब, तोंड तिकडं करा! थुंकी उडती!"

आन् त्यो बी भिताडाकडं तोंड करून हसू लागला की! त्येच्या शेजारी चेअरमन, चेअरमनशेजारी आत्याबाई, मग आमी. मिस्त्री तेवढं खोक्याम्होरं हात पसरून उभे, कुनी पडंल त्येच्यावर म्हनून.

जाताना रेडिओवाला म्हनला, "समद्या खोक्यांना लावा तीट. पन मागल्या अंगाला."

खडी सुटली. आत्याबाईंनी दाराशी बैठक मांडली, काजळीचा डबा घेऊन. मिस्त्रींनी पास केल्याशिवाय बोट लावायच्या न्हाईत, आन् बोट लावल्याशिवाय माल हालू द्यायच्या न्हाईत.

फुडं काय वर्सांनी रेग्झिन आलं. खोक्याला काळं कातडं चिकटवायचं, पालिश कशाला? सोसायटीला पाळन्याची, दाराची कामं मिळाली. मिस्त्री म्हनले, "हे तुमी करता की. मला कशाला पोसता?" लेकीकडं जातो म्हनले. हैदराबादच्या येष्टीत पुढच्या शिटावर बसले, आन् डायवरच्या मागची फळी खरबरीत हाय म्हनून त्येच्याशी भांडत भांडतच गेले. परत काय त्यांची खबर न्हाय.

दुसऱ्या दिशी आमी शेड उघडली. पाळना घासायला घेतला. ट्रक गेला, दारं लावून घेतली, स्पिरिटात लाख कालवली. दुपार झाली. हसू कुनालाच फुटंना.

आत्याबाईंनी दारातनं नाक आत घातलं, वास घेतला.

"का गं पोरीनू," त्या म्हनल्या, "आजचं स्पिरिट फिक्कं हाय का?"

आमी खाली मान घालून घासत राहिलो.