फरशीवाल्याचं बोट

कामावर त्याला सगळे लेव्हलमास्तर म्हणत. बावीस वर्षं तो फरश्या बसवतोय, आणि प्रत्येक फरशीवर लेव्हलची पट्टी ठेवून, एक डोळा मिटून, आतला बुडबुडा मधोमध आला की नाही ते पाहिल्याशिवाय पुढे सरकत नाही. बरोबरची माणसं वैतागायची. हा म्हणायचा, "पाणी तुमच्यासारखं गप्प बसत नाही. उतार चुकला की ते सगळ्यांना सांगत सुटतं."

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्याची आई, बायको आणि दहा वर्षांची मुलगी. गेलं वर्षभर संध्याकाळी सातला घरी आला की त्याला तिघींची डोकी तेवढी दिसत, खाली वाकलेली. मुलीने आपल्या टॅबवर ठोकळ्यांचा एक खेळ आणला होता. त्यात जमीन, डोंगर, नदी सगळं चौकोनी ठोकळ्यांचं, आणि हवं ते फोडायचं, हवं ते बांधायचं. आधी ती एकटीच खेळायची. मग तिच्या आईच्या फोनवर घेतला, मग आजीच्या जुन्या फोनवर. आता तिघींचं मिळून एकच जग होतं, आणि जेवताना बोलणं त्याचंच.

"आई, तुमची मेंढरं परत माझ्या फुलांत शिरली," बायको म्हणे.

"मग कुंपण घाल की नीट," आई म्हणे.

"भांडू नका गं, मी घालते," मुलगी म्हणे.

"कसली मेंढरं?" हा विचारी. उत्तर कोण देणार? आपल्याच घरात तो पाहुण्यासारखा पुढ्यातलं मुकाट्याने जेवून उठे.

शेवटी एकदा त्यानेच विषय काढला. "मलाही घ्या ना तुमच्यात."

मुलगी टुणकन उठली. टॅब त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने पडद्यावर बोट टेकवलं. काही झालं नाही. जोरात दाबलं, तरी ढिम्म. सिमेंट कालवून कालवून त्याच्या बोटांची कातडी पार झिजून कोरडी, टणक झाली होती, रेघाही उरल्या नव्हत्या. कामावरच्या हजेरीच्या यंत्रालाही ती ओळखू येत नसत. रोज सकाळी रांगेत त्याच्यामागचे लोक ओरडत आणि मुकादम वहीत हाताने नाव लिही. आता घरातही तीच गत.

"बाबा, ठोकायचं नाही. नुसतं टेकवायचं."

"टेकवतोय ना! ह्याला मी आहे हेच कळत नाहीये."

मुलीने दुसऱ्या दिवशी कुठूनतरी रबरी टोकाची पेन्सिल पैदा केली. त्या पेन्सिलीने पडदा ऐकू लागला, पण लेव्हलमास्तरांच्या नाकी नऊ आले. पहिल्याच दिवशी ते खड्ड्यात पडले. बाहेर निघताना आईचं कुंपण फोडून बसले, आणि मेंढरं डोंगरापलीकडे पसार झाली. आई दोन दिवस बोलली नाही.

मग मुलीने त्याला त्याच्या जोगतं काम दिलं. तिने एक भलामोठा दिवाणखाना बांधला होता, त्याची जमीन करायची. तीन संध्याकाळी खपून त्याने काळ्यापांढऱ्या ठोकळ्यांची नक्षीदार फरशी घातली, एकेक ठोकळा मोजून. दिवाणखान्याला लागून मोरी होती, तिथे आल्यावर तो थांबला.

"इथे उतार कसा द्यायचा?"

"उतार नसतो बाबा. ठोकळे सगळे सपाटच."

"मग पाणी जाणार कुठे?"

"इथे कुणी अंघोळच करत नाही!"

आई इतकी हसली, की तिची कवळी हातात आली. तोही हसला. पण उताराशिवायची मोरी त्याच्या डोक्यातून जाईना.

त्याच आठवड्यात कामावर घरमालकीणबाई आल्या. बसवून, दरजा भरून, पुसून तयार केलेल्या खोलीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "फोटोत ही फरशी वेगळी दिसत होती हो. काढून टाका." दिवसभर त्याने छिन्नी-हातोड्याने स्वतःचंच काम फोडलं. धूळ नाकातोंडात, गुडघे सोलवटलेले.

घरी आला तर मुलगी धावत पुढे आली. "बाबा, बघ! दिवाणखाना हिरवा केला, जमिनीसकट. एका मिनिटात! छान दिसतो ना?"

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला विचारलंस? तीन दिवस घातले मी त्यात!"

"पण खेळ आहे ना बाबा..."

त्याने टॅब ओढून घेतला, दोघींचे फोन उचलले आणि सगळं अवजारांच्या पेटीत घालून कुलूप लावलं. बायकोचा फोन दुसऱ्या दिवशी द्यावा लागला. ती दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला होती, पाळी बदलली की फोन यायचा. तिने घेतला, पण खेळ उघडला नाही. "तुमची मर्जी झाली की सांगा," एवढंच म्हणाली.

त्याला वाटलं होतं, आता तरी चारजण बसून बोलू. त्याने पत्ते आणले. दोन डाव झाले, आई बसल्या बसल्या डुलक्या काढू लागली.

"शाळेत काय झालं आज?"

"काही नाही."

त्याने पत्ते पुन्हा पिसले. घड्याळाची टिकटिक ऐकत सगळे बसून राहिले. मेंढरांवरून भांडत होत्या तेव्हा निदान घरात आवाज तरी होता, हे त्याला पाच दिवसांनी कळलं, आणि कळलं म्हणून आणखीच चीड आली.

सहाव्या दिवशी आईने तोंड उघडलं. "माझी मेंढरं कोण बघतंय रे?"

"आई, खोटी आहेत ती."

"असतील. माझे गुडघे तर खरे आहेत? दोन वर्षं मी हा जिना उतरलेली नाही. तिथे रोज डोंगर चढते, नदीपर्यंत जाते, सूनबाईशी भांडते. तू नेणार आहेस मला उचलून?"

मग उठून त्याने पेटीचं कुलूप काढलं. मुलीने टॅब छातीशी धरला. "तुझी फरशी परत घालते बाबा," ती म्हणाली. पण काळा कुठे आणि पांढरा कुठे होता, ते तिला आठवेना. त्यालाही आता ते सांगत बसायचं नव्हतं. पेन्सिल त्याने पुन्हा हातात घेतली नाही.

आईचं बोलणं मात्र काट्यासारखं सलत राहिलं. रविवारी त्याने मेहुण्याला बोलावलं. दोघांनी आईला खुर्चीत बसवून खाली उतरवलं. कोपऱ्यावरच्या बागेत एकच बाक सावलीत होता, त्यावर कुणीतरी पाय पसरून झोपलेलं. आई उन्हातच बसली. वाकून तिने गवताला हात लावला.

"ओलं आहे," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "फार ऊन आहे रे. चल, वर ने."

"आत्ताच तर आलो!"

"बघितलं ना. बरं वाटलं. पुढच्या रविवारी जरा लवकर आणा."

दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मेहुण्याचा श्वास फुलला. लेव्हलमास्तरांच्या खांद्यातून कळ गेली. खुर्ची टेकवून दोघे पायरीवर बसले. आई बसल्या जागेवरून सूचना देत होती, खुर्ची डावीकडे कलते आहे म्हणून. अजून एक जिना बाकी होता.