निवदाआधीची साखर

श्रावणात कानबाई देवी बसते त्या रविवारी आमच्या घरात निवद दाखवल्याशिवाय कुणी पाण्याखेरीज काही तोंडात घालत नाही. त्या वर्षी सुरतचे भाऊबंद गाडीत अडकले, आणि ते आल्याशिवाय आरती करायची नाही असं चुलत सासूने ठरवून टाकलं. माझ्या सासूने मात्र सकाळी नेमाने इन्सुलिन टोचून घेतलं होतं. वर उपाशी. मी दोनदा म्हणाले, थोडं खाऊन घ्या. तिने हात झटकला. तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं, याचा राग मला अजून स्वतःवरच येतो.

दुपारी ती देवीपुढे बसल्या बसल्या थरथरायला लागली. चोळी घामाने चिंब, डोळे भलतीकडेच, तोंडाने काहीतरी असंबद्ध.

"कानबाई आंगमा उनी!" चुलत सासू ओरडली. झालं! देवी अंगात आली म्हणून बायका हात जोडून पुढे सरकल्या, कुणी हळदकुंकू लावलं, एकीने तर पोराच्या नोकरीचं विचारूनही घेतलं.

मला तालुक्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरने हीच लक्षणं सांगितली होती. रक्तातली साखर उतरली होती. घरातली सगळी साखर निवदाच्या खिरीसाठी वेगळी काढलेली. मी सरळ त्या डब्यात हात घातला.

"निवदनी साखर शे ती! आनि तिले शुगर शे ना, साखर काय पाजस?" चुलत सासू आडवी आली.

"बाजूला व्हा," मी म्हणाले. त्या घरात मोठ्यांशी मी असं पहिल्यांदाच बोलले.

चार चमचे साखर पाण्यात ढवळली. आधी सासूला एक घोट दिला, "आत्या, गिळा." गिळलं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबही घालायचा नाही, थेट दवाखाना गाठायचा, हे मला पाठ होतं. पेला संपल्यावर बोटाला टोचून साखर मोजायच्या मशीनवर पाहिलं: अठ्ठेचाळीस. पंधरा मिनिटांनी बासष्ट; सत्तरच्या वर हवी. दुसरा पेला दिला. तो दिल्यावर शंभराच्या आसपास आली, आणि सासू माझ्याकडे बघून म्हणाली, "माले भूक लागनी." मला रडूच फुटलं.

मी ताटात भात आणि आमटी वाढली. सुरतची मंडळी अजून यायचीच होती.

चुलत सासूचा पारा उतरेना. देवीचा निवद उष्टा केला, घरावर कोप होईल, सूनबाईने नाक घासून माफी मागायची. मी म्हणाले, मागणार नाही. सगळ्या बायका सासूकडे बघायला लागल्या. मीही. जन्मभर तिने या जावेपुढे मान वर केली नव्हती.

तिने तोंडातला घास सावकाश संपवला.

"मी मरी जातू ते," ती म्हणाली, "नाक कोन घासतं?"

मग ताट माझ्यापुढे केलं. "आखो भात वाढ."