मुखवटा घातलेलं पावणं

माइकसमोर जाताना काका चपला दाराबाहेर काढायचे. आत आले की वाकून स्टुडिओतल्या गालिच्याला हात लावायचे, तो कपाळाला टेकवायचे आणि छाती फुगवून म्हणायचे, "हं, लावा जोड!" गालिचा कळकट होता, त्यावर चहाचे डाग होते. पण काकांच्या लेखी ती आखाड्याची माती होती.

राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर आमचा स्टुडिओ आहे. परदेशी कार्टून मालिकांना आम्ही मराठी आवाज देतो. संवाद मी लिहिते आणि रेकॉर्डिंगही मीच करून घेते. खाली क्लास सुटला की सगळ्या गाड्या एकदम सुरू होतात, तेवढा वेळ आमचे महानायक चहा पितात.

काकांनी उभी हयात कुस्तीच्या मैदानात निवेदन केलं होतं. भोंगा बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा आवाज. तो ऐकून मी त्यांना 'कॅप्टन झपाटा' या मालिकेतला खलनायक, डॉक्टर लोहदंत, देऊन टाकला. पहिल्याच दिवशी पस्तावले.

कागदावर मी लिहिलं होतं, "मूर्खा, तुझा अंत जवळ आला आहे!" काका गरजले, "आवो पावणं, तुमचा अंत जवळ आलाय!"

"काका, तो शत्रू आहे."

"आसू दे की. अनोळखी माणसाला एकदम अरे-तुरे कसं करायचं?"

दुसरी अडचण हसण्याची. खलनायकाला गडगडाटी हसावं लागतं, आणि काकांना कारणाशिवाय हसता येईना. "उगंच काय हसायचं? कायतर इनोद सांगा." मग आमचा रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून त्याच्या लग्नात वरात चुकून दुसऱ्याच मांडवात शिरल्याचा किस्सा सांगायचा. शहर बुडवण्याआधी लोहदंत जो भयंकर हसतो ना, तो या वरातीला हसतो. तुमच्या घरातली मुलं ते ऐकून पांघरुणात शिरली असतील तर त्यांना खरं काय ते सांगून टाका.

नायक कॅप्टन झपाट्याने लोहदंताला उचलून आपटलं की काकांनी कण्हायचं असायचं. ते ओरडायचे, "वा रं पठ्ठ्या! काय टाकलाय!" स्वतःच आपटला गेलेला माणूस समोरच्याला दाद देतोय, हे कापता कापता आमचा दिवस जायचा.

अकरा भाग असे रेटले. 'पावणं' मी शक्य तिथे कापत होते, तरी काही निसटायचीच. बाराव्या भागाआधी मुंबईच्या ऑफिसातून फोन आला. आणखी एकदा 'पावणं' ऐकू आलं तर आवाज बदला, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी काकांना ते सांगितलं.

"दोन वर्षं झाली, मैदानात कुणी बोलवत न्हाय," ते म्हणाले. "नवी पोरं आल्यात. ह्यो लोहदंतच आता आपलं मैदान हाय, ताई." त्यांच्याकडून हा भाग नीट करून घ्यायचाच, असं मी ठरवलं.

बाराव्या भागात शेवटचा सामना होता. ज्वालामुखीच्या काठावर लोहदंत झपाट्याला वाट्टेल ते बोलतो आणि मग आत पडतो. काकांनी सहा वेळा प्रयत्न केला. सहाही वेळा 'पावणं'च.

"अहो, अकरा भाग झाले! अजून अनोळखी कसा?"

"वळख कुठं झालीया? तोंडावर मुखवटा हाय त्येच्या. गाव कुठलं, कुणाचा कोण, कायच ठाव न्हाय."

मी कपाळाला हात लावला. आणि तसाच हात ठेवून एक थाप मारली. "काका, तो शाहूवाडीचा आहे." काका मूळचे शाहूवाडीचेच.

"व्हय? आपल्या तालुक्यातला?"

"डोंगराकडेला भाताची शेती आहे त्याची."

"मग हे आधी सांगायचं की!" काकांनी पुन्हा गालिच्याला हात लावला. पुढे जे झालं ते मी लिहिलेल्या कागदावर नव्हतं. "आरं मुडद्या! लाज वाटती का तुला? शेतं टाकून हवेत उडतोयस व्हय? ह्या डोंगरावर परत दिसलास तर तंगडं मोडून हातात दीन!" काच थरथरली. खालच्या क्लासातल्या सरांनी माणूस पाठवून कुणाचं भांडण चाललंय ते विचारलं. ओठांच्या हालचालीला शब्द चपखल बसले होते, आणि सबंध भागात एकही 'पावणं' नव्हतं. मुंबईहून दोन शब्द आले, "उत्तम. मंजूर."

जाताना चपला घालत काका म्हणाले, "ताई, तुम्ही थाप मारली ते मला कळलंतं. पर आवाज खरा लागला की."

बाराव्या भागात लोहदंत मेला. पण कार्टूनमध्ये कुणी कायमचं मरत नाही. दीड वर्षाने नव्या मालिकेत तो ज्वालामुखीतून धडधाकट बाहेर आला. काका मात्र तोवर गेले होते. अजूनही दाराबाहेर चपला दिसल्या की मला क्षणभर तेच आलेत असं वाटतं.

लोहदंताला नवा आवाज मिळाला. मुलगा गुणी आहे, उच्चार स्वच्छ, कारणाशिवाय तासभर हसू शकतो. पहिल्या दिवशी त्याने कागद वाचला आणि काचेतून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, काहीतरी चुकलंय. इथे लिहिलंय, 'आवो पावणं, तुमचा अंत जवळ आलाय.' खलनायक अहो-जाहो का करतोय?"

"नवा नायक आहे ना? नीट बघ, त्याच्या तोंडावर मुखवटा आहे," मी म्हणाले. "वळख कुठं झालीया अजून?"