काळ्या पाण्यातला घाणा

मला एक सांगा, विश्वास कोणावर ठेवावा? जो वाचलेलं, ऐकलेलं सांगतो त्याच्यावर, की जो बोटांवर मोजून हिशोब करून दाखवतो त्याच्यावर? चहा घेता घेता विचार करा. मी जन्मभर दुसऱ्यावर ठेवत आलो. हा दुसरा म्हणजे बहुतेक वेळा मीच. आणि त्यापायी अंदमानच्या जेलात, जिथं माणसं पाऊलसुद्धा हळू टाकतात, तिथं मी जे करून बसलो ते आता कोणत्या तोंडानं सांगू? पण सांगतो.

माझं अमरावतीला तेलाचं दुकान आहे. शाळा सातवीत सुटली, पण शेंगदाण्याचं कोणतं, सरकीचं कोणतं, हे मी डोळे बांधून वासावर सांगतो. वडिलांचा धामणगाव रेल्वे या गावी लाकडी घाणा होता, बैलाचा. लहानपणी त्या बैलामागं मी इतका फिरलो की अजूनही मला सरळ रस्त्याचा थोडा संशयच येतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळीनं, म्हणजे नलूनं, विषय काढला. "समदी दुनिया अंदमान पाहून राहिली, आन तुमी अजून पिपं मोजून राहिले." अकोल्याचा पिंटू म्हणून एक पोरगा दरसाल टूर काढतो. त्याच्याकडं नाव नोंदवलं. निम्मी माणसं अकोल्याची, निम्मी अमरावतीची. समुद्र दिसेपर्यंत कोणाच्या गावात ऊन जास्त, यावरच भांडण चाललं.

तिथं उतरल्यावर बसमध्ये गाईड चढली. सरिता नाव, तिशीची असेल, तिकडंच जन्मलेली. ती नलूच्या शेजारी बसली आणि दहा मिनिटांत दोघींच्या घरच्या गोष्टी झाल्या. सरिताला एक मुलगी. एरवी ती बहिणीच्या दुकानात शंख-शिंपले विकते. आज पिंटू तिचं काम बघणार होता. ग्रुप खूश झाला, तर सगळ्या हिवाळ्याचं काम तिला. नाहीतर परत शिंपले.

नलू म्हणाली, "होतील बाई खूश. आमचे मानसं साधे हायेत."

साध्या माणसांतलं सगळ्यात साधं तिच्याच पलीकडं खिडकीला बसलं होतं.

जेलात शिरलो आणि अकोलेवालेसुद्धा गप्प झाले. यावरून काय ते समजा. तीन मजले, ओळीनं खोल्या. एका ओळीची दारं दुसऱ्या ओळीच्या पाठीकडं, म्हणजे माणसाला माणसाचं तोंड दिसू नये अशी बांधणी. सरिता हळू आवाजात सांगत होती. नलूनं पदर तोंडाला लावला होता. इंगळे सर, अकोल्याचे रिटायर हेडमास्तर, त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

मग अंगणातल्या शेडमध्ये आलो, आणि समोर घाणा.

परमुलखात गावचा माणूस भेटावा तसं झालं मला. घाण्याला जुंपलेल्या कैद्याचा पुतळा आहे तिथं. लोक त्या पुतळ्याकडं पाहत होते, मी आडव्या लाकडाची जाडी पाहत होतो. सरिता म्हणाली, एका कैद्याला दिवसभरात इतकं खोबरेल काढावं लागायचं. आकडा पौंडात होता. मी मनात किलो केले. आपल्या पंधरा किलोच्या डब्याला थोडंच कमी.

"मॅडम," मी म्हणालो, "ये नहीं हो सकता."

"अंकल, किताबों में यही लिखा है."

"किताब लिखनेवाले ने घाना फिराया था क्या? हमारे बाप का घाना था."

लोक हसले. इथंच थांबायला पाहिजे होतं. पण गिऱ्हाईक हसलं की दुकानदाराला चेव येतो. मी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि समजावून सांगितलं. बैल घ्या, चांगला पोसलेला. त्याला पेंड घाला, दुपारी सोडून पाणी पाजा. तेव्हा कुठं संध्याकाळपर्यंत डबा भरतो. आणि ही बाई म्हणते, एक उपाशी माणूस तेवढं काढायचा?

"फिरायचं म्हणजे कसं, दाखवा ना भाऊ," कोणीतरी म्हणालं.

दाखवलं. अंगणात लाकडाची एक तिकाटणी, तिपाईसारखी चौकट, उभी होती, तिच्यावर माझी टोपी आणि थैली अडकवली, गळ्यातला दुपट्टा खांद्यावरून जुंपल्यासारखा घेतला आणि मान खाली घालून गोल फिरायला लागलो. इंगळे सरांसारखा माणूस, पण तोही मागून "हो, हो, चल रे" करत हाकायला लागला. चौथ्या फेरीला माझा दम तुटला. मी त्या तिकाटणीला टेकून उभा राहिलो. टाळ्या पडल्या.

त्यानंतर सगळ्यांच्याच जिभा सुटल्या. "मंग बेड्यायचं वजनबी असंच सांगून राहिली असन." एकानं खोली पावलांनी मोजायला घेतली. एकीनं फोन उघडून सरिताची परीक्षा सुरू केली. सरिता उत्तरं देत होती, पण तिचा आवाज बारीक होत चालला होता.

पिंटू माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काकाजी, बरं झालं तुमी पकडलं तिले. दुपारपासून दुसरा गाईड पाहातो."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. उगाच नाही चाळीस वर्षं तराजू धरला.

तेवढ्यात नलू बोलली. इतका वेळ ती हसलीही नव्हती. "बाई, आन एखाद्या दिवशी तेल कमी भरलं, त?"

 सरिता माझ्याकडं पाहत होती. माझ्याकडं म्हणजे, मी टेकलो होतो त्या लाकडाकडं.

"इसी पे बांधते थे, आंटी. फिर कोड़े."

मी टेकलेला बाजूला झालो. टोपी तिथंच लटकत होती. 

"अंकल सही बोल रहे हैं," ती म्हणाली. रागानं नाही, साधं म्हणाली. "नहीं निकलता था. बैल से भी मुश्किल से निकलता है, ये मुझे आज पता चला."

 खोली मोजणारा मधेच थांबला.

आता तुम्हीच बघा, माझ्या हिशोबात कुठं चूक होती? दाण्याचीसुद्धा नव्हती. दुकानात जो तेल मागतो त्याला तेलच पाहिजे असतं, म्हणून मी धरून चाललो की इथंही घाणा तेलासाठीच लावलाय. तिथं तेल कोणाला पाहिजे होतं? आकडा ठरवणाऱ्यालाही माझ्याइतकंच ठाऊक होतं की हे होत नाही. म्हणून तर त्यानं तो ठरवला होता.

नलूनं माझी टोपी काढून आणली आणि हातात दिली.  चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पिंटू फाटकाशी फोनवर दुसऱ्या गाईडशी भाव करत होता. मी पळत गेलो. "पिंटू, थांब. तिलेच राहू दे."

"आता काहून? तुमीच त म्हनलं, फेकते म्हनून."

"मी म्हनलं ते बरोबर हाय. आन ती म्हनते तेबी खरं हाय."

"काकाजी, एक काहीतरी सांगा, फोन चालू हाय."

"तीच खरी. मी गाढव."

"हे मले सांगून काय फायदा? लोकायले तुमी बिघडवलं, तुमीच सुधरवा."

बसमध्ये त्यानं माईक माझ्या हातात दिला. गिऱ्हाइकासमोर तासभर बोलणारा मी, इथं शब्द शोधत बसलो. जमेल तसं सांगितलं. म्हणालो, ही बाई खरं सांगत होती, मी तिला खोटं पाडलं, आणि जिथं माणसं बांधून मारली तिथं मी टोपी अडकवली.

मागून इंगळे सरांनी विचारलं, "म्हणजे शेटजी, तुमचा हिशोब बरोबर, आन तरी तुमी चूक?"

"हो."

"लिहून घेतो. असं पुन्हा ऐकायले मिळनार नाही." मग म्हणाले, "हाकत मी होतो. मलेबी त्यात धरा."

बस हसली. सरिताही हसली. पिंटूनं फोन खिशात घातला. हिवाळ्याचं काम तिलाच राहिलं.

गेल्या महिन्यात तिवस्याचे माझे एक धान्यवाले मित्र अंदमानला जाऊन आले आणि तडक दुकानात आले. "तुमी त तिकडं लय गाजून राहिले." म्हणाले, सरिता आता घाण्यापाशी प्रत्येक ग्रुपला सांगते: अमरावतीचे एक तेलवाले शेठ आले होते, जन्म घाण्यावर गेलेला, ते स्वतः म्हणाले की एवढं तेल बैलही सहजी काढत नाही. आणि लोक एकदम शांत होतात.

मला भरून आलं. मग मित्र म्हणाले, "तुमी फिरून दाखवलं तेबी सांगते. पंचवीस फेऱ्या मारल्या म्हने."

म्हणून तुम्हाला हात जोडून विनंती. कधी तिकडं गेलात आणि तिनं पंचवीस सांगितल्या, तर ती बिचारी माझी लाज राखते आहे असं समजा. नंतर हळूच तिला सांगा, चार. पोटात इडली-वडा, खांद्याला नुसता दुपट्टा, मागं हाकायला हेडमास्तर, आणि तरी शेठ चौथ्या फेरीला संपले. तेवढंच मांडा, एकही वाढवू नका. हा हिशोब तरी इमानदारीनं ठेवा.