सासूबाईंच्या हातांचा फोटो

मुंबईहून गोव्याला जाताना पळस्प्याच्या अलीकडे माझी छोटी खानावळ आहे. मासे मी करते, तांदळाच्या भाकऱ्या सासूबाई. त्यांची उमेदीची सगळी वर्षं मिठागरात गेली. बोटांना भेगा पडल्या आणि भेगांतला काळेपणा कायमचा राहिला. कितीही घासलं तरी जात नाही.

गेल्या वर्षी एका दुपारी फोनवर एक रिव्ह्यू आला. एक स्टार. खाली फोटो, ताटात भाकरी ठेवणाऱ्या सासूबाईंच्या हातांचा. लिहिलं होतं, ‘जेवण ठीक, पण म्हातारीचे घाणेरडे हात बघून भूक मेली.’

मला तो माणूस आठवला. गोव्याला निघालेलं कुटुंब होतं. दोनदा रस्सा मागून घेतला होता, तिसरी भाकरीही. तोंडावर एक शब्द बोलला नव्हता. माझं डोकं असं सणकलं की उत्तरात काय काय लिहिलं ते इथे सांगता येणार नाही. मुलीने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि सगळं पुसलं. म्हणाली, असं लिहिलंस तर तूच वाईट ठरशील. खरं होतं, म्हणून आणखी चीड आली.

ॲपवाल्यांकडे तक्रार केली. हा रिव्ह्यू नियमांत बसतो, असं उत्तर आलं. कुणाचे नियम, कुणास ठाऊक.

सासूबाईंना कळू द्यायचं नव्हतं. पण रोजच्या एका गिऱ्हाइकाने त्यांच्यासमोरच त्या रिव्ह्यूबद्दल सहज विचारलं आणि त्यांनी मला समोर बसवलं. “काय लिवलंय ता वाच,” म्हणाल्या. मी वाचलं. दुसऱ्या दिवशी त्या प्लास्टिकचे हातमोजे घालून भाकरी थापायला बसल्या. भाकरी उलटताना मोजा तव्याला चिकटला, वितळला आणि दोन बोटं भाजली. मी बर्फ लावत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, “मीठ खाताना कुनी इचारलं नाय, कुनाच्या हातचं हाय.”

मी मोज्यांचं पाकीट कचऱ्यात टाकलं आणि रिव्ह्यूखाली उत्तर लिहिलं. हे हात कुणाचे, ते असे का झाले, आणि आज त्या हातांची दोन बोटं तुमच्यामुळे भाजली आहेत. शिवी एकही दिली नाही. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं: ‘पुढच्या वेळी स्वच्छता दिसली तर स्टार वाढवीन.’

मला वाटलं होतं, लाज वाटेल त्याला.

महिनाभर मी पुन्हा पुन्हा तक्रार करत राहिले. शेवटी फोटो गेला. लिहिलेलं तसंच आहे, स्टारही तोच. सासूबाई आता मोजे न घालता थापतात, पण आतल्या खोलीत. बाहेर वाढायला येत नाहीत. जुनी गिऱ्हाइकं त्यांना हाका मारतात, तरी नाही. मी रागावून पाहिलं, विनवून पाहिलं. चूल पेटलेली आहे, असं सांगतात आणि मान फिरवतात.